अ‍ॅपलेशियन ट्रेल अर्ध्यावर सोडल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी परत चालायला सुरुवात कशी करावी?

अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणाऱ्या अ‍ॅपलेशियन ट्रेल या लांब पायवाटेवर आपण मार्चअखेर दक्षिण टोकाच्या, जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनवरून निघालात, जूनअखेर जवळपास मध्यावरच्या हार्पर्स फेरी या गावी पोहोचलात आणि घरच्या अडचणीमुळे तिथून परतलात. आता ऑगस्टच्या मध्यावर जाऊन तिथूनच उत्तरेकडे निघावे का आणि पूर्वीचा वेग राखता येईल का, असे आपण विचारले आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे माझी वाटचालही हार्पर्स फेरीलाच थांबली होती आणि सात आठवड्यांनी मी परत गेलो होतो, त्यामुळे आपला प्रश्न मला फार जवळचा वाटला.

माझ्या मते आपण हार्पर्स फेरीहून निघू नये. थेट मेन राज्यात जाऊन वाटेच्या उत्तर टोकाच्या कटाडिन शिखरापासून दक्षिणेकडे चालत यावे. सुमारे ३,५०० किलोमीटरच्या या वाटेपैकी आपले जवळपास १,६५० झाले आहेत, म्हणजे १,८५० हून अधिक उरले आहेत. कटाडिन ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे तिथला मुक्काम ऑक्टोबरच्या मध्यानंतर बंद होतो आणि हवा बिघडली तर शिखराची वाट त्याआधीही बंद ठेवली जाते. दोन महिन्यांत तिथे पोहोचायचे तर रोज ३१ किलोमीटर, तेही एक दिवसाची विश्रांती न घेता, चालावे लागेल. आणि न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्स व मेनचा दक्षिण भाग असा आहे की तिथे कसलेल्या माणसाचाही वेग निम्म्यावर येतो. उलट दिशेने आल्यास हा अवघड प्रदेश थंडीपूर्वी मागे पडतो आणि पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड हा तुलनेने सौम्य भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी उरतो. (तेव्हा शिकारीचा हंगाम असतो, म्हणून अंगावर भडक नारिंगी रंगाचे काहीतरी असू द्यावे.) असे केल्याने सलगता मोडते ही खंत बाळगू नये, कारण अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी ही संस्था क्रम किंवा दिशा पाहत नाही आणि बारा महिन्यांत सगळी वाट चालून झाली तर तिला पूर्ण वाटचालच मानते.

या बेताची एक मोठी अडचण मात्र आहे. सवय मोडलेल्या पायांनी आपण वाटेच्या सर्वांत कठीण टोकापासून सुरुवात करणार आहात, आणि मीही तसेच केले तेव्हा माझी चूक इथेच झाली. दम लवकर परत येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी चढावर श्वास पूर्वीसारखा चालू लागतो आणि माणसाला वाटते की शरीर तयार झाले. प्रत्यक्षात स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्या फार सावकाश बळकट होतात, आणि हाडांनाही वाढत्या भाराची सवय होण्यास आठवडे लागतात. मी तिसऱ्याच दिवशी जूनमधल्या हिशेबाने २६ किलोमीटर चाललो आणि कटाडिननंतर लगेच येणाऱ्या हंड्रेड-माइल विल्डरनेस या निर्जन पट्ट्याच्या मध्यावर नडगीच्या हाडालगत अशी कळ सुरू झाली की मॉन्सन गाव गाठायला ठरल्यापेक्षा तीन दिवस जास्त लागले. त्या पट्ट्यात वाटेवर गाव नाही. जवळचे अन्न शेवटच्या दिवशी संपले होते, आणि पुढे मॉन्सनला पाच दिवस पाय वर करून पडून राहावे लागले.

म्हणून आपल्या हाती जे दिवस आहेत त्यांत जिने उतरण्याचा सराव करावा, चढण्यापेक्षा उतरण्याचा अधिक, आणि तो पाठीवर सॅक घेऊन करावा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि घरी बसून ती सवय मोडते. कटाडिनच्या नेहमीच्या वाटेवर सुमारे साडेआठ किलोमीटरमध्ये १,२०० मीटर चढून तेवढेच उतरायचे आहे, त्यामुळे तिथे जड सामान खाली ठेवून हलक्या पिशवीनिशी जावे आणि दुसरा दिवस जवळजवळ विश्रांतीचाच धरावा. पहिले दहा दिवस रोज १२ ते १६ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, अंगात जोर असला तरीही. विल्डरनेससाठी अन्न हिशेबापेक्षा दोन दिवसांचे जास्त घ्यावे. सुरुवातीला भूक कमी असेल, पण एक-दोन आठवड्यांत ती पूर्वीसारखी उसळते.

बूट जुनेच घालून जाण्याचा मोह टाळावा. त्यांचे तळवे आधीच झिजलेले असतील, शिवाय इतके अंतर चालल्यावर पाऊल अर्ध्या मापाने पसरलेले असू शकते, तेव्हा संध्याकाळी पुन्हा माप घ्यावे. टाचेची घट्ट झालेली कातडी घरी बसून मऊ पडते, म्हणून फोड पुन्हा येतील असे धरूनच चालावे आणि पायाला चटका जाणवताच थांबून तिथे पट्टी लावावी.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. मेनमध्ये समोरून जे उत्तरेकडे जाणारे लोक भेटतात, त्यांत वसंतात आपल्याबरोबर चाललेले काही ओळखीचे चेहरे निघतात. त्यांचे शेवटचे दिवस असतात आणि आपले पहिले. मी अशा दोघांबरोबर एका निवाऱ्यात पूर्ण दुपार थांबलो. त्या दिवशी फक्त ९ किलोमीटर चालणे झाले, आणि माझ्या दुखऱ्या पायासाठी तेवढेच योग्य होते.