पिशवी काढली, तरी महिन्याची चिडचिड का?

प्रश्न : वय ४२. गर्भपिशवी काढून ५ आठवडे झाले, अंडाशयं ठेवलीत. पाळी नाही, तरी स्तन जड होतात, चिडचिड होते. नळाचं पाणी भरू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पाळी पिशवीतून येते, पण हुकूम अंडाशयांचा! ती काम करताहेत म्हणून हा त्रास. मात्र त्यांचा रक्तपुरवठा थोडा घटल्याने रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. पाळीच नसल्याने ती ओळखायची रात्रीच्या घामावरून, योनीच्या कोरडेपणावरून. (सोलापुरी मे महिन्यातला घाम धरू नका.) भरलेली १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलोंच्या वर, डॉक्टरांनी टाके तपासेपर्यंत नकोच. पाणी चार दिवसांनी येवो, भरायला घरचे आहेत ना? ताजं लाल रक्त किंवा ताप आल्यास लगेच दाखवा.