खोललेलं आधी बसव

प्रिय बेटा,

तुमच्या जुन्या ट्रकचे फोटो पाहिले. रेडिएटर लिंबाखाली, डिझेलची टाकी भिंतीला टेकवलेली, डायनामो पोत्यावर, केबिनचे दोन्ही दरवाजे गोठ्यात, आणि नट-बोल्ट सगळे एकाच घमेल्यात. खाली तुझा प्रश्न, "काका, सगळे वेगवेगळं सांगतात. आता पुढे काय खोलू?"

काहीच खोलू नको. हात पूस आणि बसून वाच.

गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. काटोलची संत्री आणि बल्लारशाहचं सागवान वाहून ज्या गाडीनं तुमचं घर चालवलं, ती का ठेवायची हे तुला समजवायची गरज असती तर मी पत्रच लिहिलं नसतं. ते आपलं ठरलेलं आहे. प्रश्न एवढाच आहे की ती रस्त्यावर जाईल की आणखी वीस वर्षं वाड्यात सुट्या भागांत पडून राहील. आणि ते तुझ्या पुढच्या पान्यावर ठरेल.

माझा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट खोलायची. ती साफ करायची, दुरुस्त करायची, जागेवर बसवायची, चालते का ते पाहायचं. मग दुसरी. तू म्हणशील, हे काय मोठं सांगितलं? नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत मागच्या बाजूला जाऊन बघ. घाणेरीत बुडालेल्या जुन्या गाड्या दिसतील. त्यातल्या कितीक इंजिन बिघडलं म्हणून मेलेल्या नाहीत. कोणीतरी हौसेनं एका रविवारी सगळं खोललं, दुसऱ्या रविवारी पाऊस आला, तिसऱ्या रविवारी कोणता बोल्ट कुठला ते आठवेना. मग ताडपत्री. मग ताडपत्रीही चोरीला.

तुझी गाडी 1966 ची. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, मर्सिडीजवाल्या डेमलर-बेंझशी 1954 साली करार केला, तो 1969 पर्यंत चालला, म्हणून तुझ्या जाळीवर तीन टोकांचा तारा आहे. फोटोत तो तारा तेवढा चकचकीत दिसतो आहे. पॉलिश कोणी मारली? तू मारलीस. इंजिन फिरतं की नाही माहीत नाही, आणि तारा चमकतो आहे! असो.

आता घमेलं. रागावतो असं समजू नको, पण ते घमेलं पाहून माझं पित्त खवळलं. एकाच मापाचे दिसणारे दोन बोल्ट लांबीला सूतभर वेगळे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात आवळलास की आतलं कास्टिंग तडकतं. आज संध्याकाळी बस आणि जेवढं आठवतं तेवढं वेगळं कर. प्लास्टिकच्या पिशव्या, आत कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर बॉलपेन नको, पेन्सिल. डिझेलच्या हातानं बॉलपेनची शाई पसरते, पेन्सिल राहते. मग दरवाजे लाव. दरवाज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, ते काहून काढलेस?

दरवाजे लागले की इंजिनाकडे ये. ते जाम आहे असं तुझा मेकॅनिक म्हणतो. त्यानं इंजिन हातानं फिरवायचं हँडल लावून पाहिलं का? उभी गाडी वेगळी, जाम गाडी वेगळी. गिअर न्यूट्रलला आहे ना ते बघ. नोझल म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी; तिच्या पाइपांची दोन्ही टोकं स्वच्छ कापडानं बांध, आत मातीचा कण गेला तर नोझल गेलं. सहाही नोझल काढ, पुढून मागे 1 ते 6 नंबर टाक. प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून घाल. खाली प्री-चेंबर, म्हणजे नोझलखालची छोटी कोठी, असेल तर तेल हळूहळू उतरेल, उतरू दे. आठवडाभर रोज सकाळी हँडलवर हातानं वजन दे, झटका नको. एक दिवस ते नखभर हलेल. तो दिवस तुला आयुष्यभर आठवेल, पण त्या दिवशीही जोर करू नको. पूर्ण फेरे फिरू लागलं की भोकं उघडी असतानाच भरपूर फिरव, म्हणजे वर साचलेलं तेल बाहेर उडेल. चेहरा त्या भोकांवर नेऊ नको. तेल आत राहिलं आणि तू नोझल बसवून सेल्फ मारलास तर पिस्टनला वर जायला जागा उरत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसऱ्या ट्रकला दोर बांधून, ओढून, गिअरमध्ये सोडून सुरू करू, असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठव.

इंजिन फिरलं, सहाही नोझल परत बसली, मग टाकी. बघ, तू टाकी आधीच काढून बसलीस. खालचा प्लग काढून तळातलं पाणी, गंज आणि जुन्या डिझेलचा चिकट राळेसारखा थर बाहेर काढ. टाकी धू, वाळव, बसव. नवा फिल्टर. मग हातपंपानं एअर, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा, काढ. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत, मग पंपाचा, शेवटी, इंजिन फिरवत, नोझलच्या युनियनी, म्हणजे पाइपांचे जोडनट. हा क्रम चुकवू नको. सगळ्या एकदम सैल केल्यास तर एअर कुठून येते ते दिवसभर शोधत बसशील. इथेही तेच, एक स्क्रू बंद कर, मग पुढचा.

डिझेल पंप मात्र तू खोलायचा नाही. त्याचा प्लंजर (आतला दट्ट्या) आणि बॅरल (दट्ट्याची नळी) मायक्रॉनच्या हिशेबानं जोडीनं घासलेले असतात, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये गेला की दोन्ही कामातून गेले. पंप कॅलिब्रेशनच्या, म्हणजे तपासून जुळवायच्या, बेंचवर दे, आणि समोर उभी राहून बघ. पण परत आल्यावर एक गोष्ट स्वतः तपास: रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी, मोकळा सरकतो का आणि इंजिन बंद करायचा स्टॉप लिव्हर ओढला की पूर्ण मागे जातो का. रॅक पूर्ण डिझेलच्या जागी अडकला तर इंजिन सुरू होताच वेग घेईल आणि कोणाचं ऐकणार नाही. अशा जुन्या डिझेल इंजिनाला चावी फिरवून थांबवता येत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं किंवा हवा. म्हणून पहिल्या वेळी एअर क्लीनर काढून ठेवायचा आणि इनटेकच्या तोंडावर दाबायला जाड फळी हाताशी ठेवायची. फळी म्हणतो आहे. हात नाही, कापड नाही. कापड आत ओढलं जातं.

तू लिहिलंस, मेकॅनिक म्हणतो जुनं इंजिन टाकून नवं टर्बो बसवू, पंधरा दिवसांत गाडी पळेल. पळेल ना, पण तुझी गाडी राहील का? शिवाय इंजिन नंबर आरसी बुकात लिहिलेला आहे, बदलायचा तर आरटीओची परवानगी लागते. आणि नवं इंजिन म्हणजे माउंटिंग वेगळं, क्लच हाउसिंग वेगळं, रेडिएटर वेगळा, मागच्या चाकांकडे जाणारा जॉइंटचा शाफ्ट कापून लहान करायचा. एकाच्या जागी चार-पाच गोष्टी खोलल्या. घरभर पसारा काढून पाहुणे बोलवावेत तसलं ते काम. तो मेकॅनिक वाईट नाही, त्याला पंधरा दिवसांनी दुसरं गिऱ्हाईक हवं आहे.

मला लोक हळू म्हणत. कामठी रोडवर माझं गॅरेज होतं तेव्हा मालक येऊन दात-ओठ खात, "मिस्त्री, बाजूवाला चार दिवसांत देतो." बाजूवाला देतही होता. माझी गिऱ्हाईकं तुटली, हे खरं. माझ्या मुलानं हाताला पान्याचा वास लागला तेव्हापासून हेच ऐकलं, "एक बसव, मग दुसरं खोल." त्याला ते जाचायला लागलं. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेला, तिथे तीन जण तीन बाजूंनी एकदम गाडी खोलतात आणि संध्याकाळी बसवून देतात. त्याचं बरं चाललं आहे. मी त्याला कधी चुकीचा म्हटलं नाही. पण त्यांच्याकडे प्रत्येक भाग खोक्यातून नवा येतो, कोणता बोल्ट कुठला हे आठवावं लागत नाही. साठ वर्षांच्या गाडीला खोकं नाही. तिचा प्रत्येक भाग तिच्याच अंगातला. माझ्या अंगणात गाडी महिनाभर जास्त राहायची, पण सांगाडा होऊन एकही राहिली नाही, हे मी कुणापुढेही छाती ठोकून सांगेन. पंप ऐकून काय बिघडलं ते सांगणारा माझ्यामागे कोणी उरला नाही, याची खंत आहे. म्हणून तुला एवढं लांबण लावतो आहे, सोस जरा.

ब्रेक. इंजिन सुरू झालं की तुला गाडी फाटकाबाहेर काढायची सुरसुरी येईल. काढायची नाही. व्हील सिलिंडरचे रबर कप नागपूरच्या उन्हात दगड झालेले असतील. एक चाक खोल, सिलिंडर, कप, लायनर, सगळं करून ते चाक बसव, मग दुसरं चाक. चारही ड्रम एकदम काढलेस तर कुठला शू कुठं होता ते बघायला नमुनाच उरणार नाही. आणि जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतं. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, तोंडाला मास्क.

टायर सगळे बदलावेच लागतील, त्यात वाद नको. ते रिंगवाले रिम आहेत, टायर एका सुट्या लोखंडी रिंगेनं अडकतो. हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. मी माणूस गेलेला पाहिला आहे. पंक्चरवाल्याकडे चाक आत ठेवून हवा भरायचा लोखंडी पिंजरा नसेल तर दुसरा पंक्चरवाला शोध. या एका गोष्टीत माझ्याशी चर्चा करू नको.

कागदांची घाई करू नको, पण आजच एक काम कर. चेसिस नंबरवरची माती डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं धू. ग्राइंडर लावायचा नाही, सँडपेपरही नाही. नंबर पुसट झाला तर आरटीओत बोंबलत फिरशील. कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घे आणि आरसी बुकाशी ताडून बघ. आरसी अजून तुझ्या आबाजींच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो. गाडी उभी असल्याचं आबाजींनी आरटीओला आधी कळवलं होतं का, तो कागद ट्रंकेत शोध. नसेल तर मागचा टॅक्स निघेल. विंटेजचा नियम 2021 चा आहे, पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांना दहा वर्षांची नोंदणी देतो, आणि मग गाडी रॅली, प्रदर्शन, डिझेल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. पण तो खासगी दुचाकी-चारचाकीसाठी लिहिलेला आहे. तुझी मालवाहू आणि मागे जोडचाकं. ती त्यात बसते असं धरून चालू नको. आरटीओला लेखी विचार, उत्तरही लेखी घे. मालवाहूची फिटनेस वेगळी, आणि गाडीच्या वयाबरोबर तिची फी चढते.

दसऱ्याला गाडी दारात उभी करून पूजा करायची, असा तू बाबांना शब्द दिलास म्हणे. तो परत घे. पूजा उभ्या गाडीचीही होते. तारीख डोक्यात असली की माणूस दोन गोष्टी एकदम खोलतो.

सुरू करायचा दिवस ठरला की फोन कर. सकाळी, ऊन चढायच्या आत. फळी मी धरतो, स्टॉप लिव्हर तू धर. व्हिडिओ काढायला पोट्टे गोळा करू नको. ते बोलतात आणि मला पंप ऐकू येत नाही.

तुझा,
मिस्त्रीकाका