ग्लुकागॉननंतर उलट्या

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, टाइप १ मधुमेह. फुटबॉल खेळून आला, न जेवता झोपला आणि रात्री साखर उतरून बेशुद्ध झाला. सासूबाई तोंडात साखर घालत होत्या. मी ग्लुकागॉन टोचलं. शुद्धीवर आला, पण भडाभडा ओकला. इंजेक्शन बाधलं का?
– एक आई, सांगली

उत्तर : नाही हो, बाधलं नाही. मळमळ आणि उलटी हा या औषधाचा नेहमीचाच त्रास. ते यकृतातली साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं, पण जठर-आतड्यांची हालचालही मंदावतं. म्हणून टोचल्याबरोबर मुलाला कुशीवर वळवायचं. उताणा असला तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. सासूबाईंची माया कळते, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. साखर नाही, मधही नाही.

डोकं दुखणं, धडधड, सुईच्या जागी लाली हे थोड्या वेळात ओसरतं. अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा धाप दिसली तर लगेच दवाखाना गाठा. १५ मिनिटांत शुद्ध आली नाही तरीही तेच. उपाशीपोटी यकृतातला साठा आटलेला असतो, तिथे हे इंजेक्शन तोकडं पडतं आणि शिरेतून ग्लुकोज लागतं.

शुद्धीवर आल्यावर, गिळता येऊ लागलं की आधी साखरपाणी, मग पोळी किंवा बिस्किटं द्या, कारण साखर पुन्हा घसरते. पोटात काही ठरतच नसेल, तर घरी वाट पाहू नका. आणि खेळाच्या दिवशीचा इन्सुलिनचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून याच आठवड्यात तपासून घ्या.