दारूचा थेंब नाही, तरी फॅटी लिव्हर कसं? वजन उतरलं की जाईल का?

तुमचं वजन 92 किलो, सोनोग्राफीत ग्रेड 1 फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठण्याची पहिली, सौम्य पायरी) आलंय आणि हे लठ्ठपणामुळेच का, असं विचारलंय. बहुतेक हो. पण प्रश्नात तुम्ही दोनदा लिहिलंय, ‘मी दारू घेत नाही’. ते वाचून राहवलं नाही.

माझे वडील माळकरी. 2016 साली पित्ताचे खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली, तर खडे नाहीत, ग्रेड 2 फॅटी लिव्हर. रिपोर्ट टीपॉयवर पडला होता. धाकट्या काकांनी तो उचलला, चहा पीत पीत वाचला आणि म्हणाले, “लिव्हर उगाच खराब होत नाही.” पुढे एक शब्द बोलले नाहीत. महिनाभरात भावकीत झालं, दादा चोरून घेतात. वडिलांनी कुणाला उत्तर दिलं नाही, पण त्या वर्षी एकाही लग्नाला गेले नाहीत. आई हळदीकुंकवालाही जाईना.

आणि वडील लठ्ठही नव्हते! उंची साडेपाच फुटाला जरा कमी, वजन 64. हातपाय काडीसारखे. डॉक्टरांनी वजनाकडे बघितलंच नाही, सदरा वर करायला लावून पोटाला टेप लावली. 97 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना 90 च्या आत हवं, बायकांना 80 च्या. खरा गुन्हेगार ही आतड्यांभोवतीची चरबी. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की तिच्यातली चरबी रक्तातून लिव्हरकडे जाते, आणि जास्तीच्या साखरेचीही लिव्हर चरबीच करून ठेवतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगताहेत, दिसायला बारीक भारतीयाच्या अंगातही चरबी भरपूर असते. वडील दिवसभर दुकानाच्या गादीवर, सात-आठ कप गोड चहा, आणि एकादशी दुप्पट खाशी म्हणतात तशी साबुदाण्याची खिचडी. दारू कशाला लागते?

तुमचं म्हणाल तर 7 ते 10 टक्के वजन उतरवा, म्हणजे साडेसहा ते नऊ किलो. लिव्हरची सूजसुद्धा त्याने उतरते. गोड चहा, कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस बंद. लिव्हर साफ करणाऱ्या काढ्यांच्या बाटल्यांवर एक रुपया घालवू नका. वडिलांनी बिनसाखरेचा चहा आणि रोज पहाटे तासभर चालणं, एवढ्यावर वर्षात पाच किलो उतरवले. ग्रेड 2 चं 1 झालं.

हां, उपाशी राहून झटपट उतरवू नका, पित्ताचे खडे होतात. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका, शुगर तपासा, फायब्रोस्कॅनचं (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) डॉक्टरांना विचारा. आणि दारूने फॅटी लिव्हर होतंच, ते मी नाकारत नाही.

पण नुसत्या रिपोर्टवरून कुणाला दारुडा ठरवता येत नाही. 2023 साली जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी या आजाराच्या ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ या नावातून ‘अल्कोहोलिक’ शब्दच काढला, रुग्णांना खाली मान घालावी लागते हे त्याचं एक कारण. ती बातमी मी काकांना व्हॉट्सॲपवर पाठवली, वडिलांच्या दुसऱ्या रिपोर्टसकट. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तुमच्याकडे कुणी असं बोललं तर गप्प बसू नका, त्याच बैठकीत बोला. आम्ही सात वर्षं थांबलो.