हात वर करण्याआधी

बाळा,

तुझा रात्रीचा मेसेज तीनदा वाचला. गायरानातल्या झोपड्या उठवायचा ठराव ग्रामपंचायतीच्या सोमवारच्या मासिक सभेत येतोय, ‘हात वर कर’ असा गटाचा निरोपही आलाय. आणि तू विचारतेस, ‘काका, गैरहजर राहिले तर चालेल का?’

नाही चालणार.

डेव्हिड क्रॉकेट हा टेनेसीच्या रानातला शिकारी. शाळा जेमतेम, पुरात गिरणी वाहून गेलेली. तरी 1827 साली अमेरिकेच्या संसदेत पोचला. 1813 मध्ये क्रीक आदिवासींवरच्या स्वारीत तो स्वतः होता. त्यांच्या टालुशाची गावात माणसांसकट जळालेलं घर त्याने पाहिलं होतं. 1830 मध्ये त्याच्याच राज्यातले, अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलायचं विधेयक रेटलं. 102 विरुद्ध 97 मतांनी ते मंजूर झालं. टेनेसीच्या खासदारांपैकी विरोधात मत एकट्या क्रॉकेटचं. पुढच्याच वर्षी तो निवडणुकीत पडला. 1833 ला परत आला, 1835 ला 252 मतांनी पुन्हा पडला, आणि 1836 मध्ये टेक्ससमध्ये अलामोच्या लढाईत मारला गेला. लोक अलामोच सांगत बसतात. मला ते 1830 चं मत मोठं वाटतं.

त्याचं वाक्य होतं: आपलं बरोबर आहे याची आधी खात्री कर, मग पुढे हो. ‘पुढे हो’ सगळ्यांना आवडतं. मी म्हणतो, आधी खात्री कर. नमुना आठ, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, पाहिलीस? घरपट्टीच्या पावत्या? त्या वस्तीत एकदा तरी जाऊन बसलीस? नसशील, तर माझ्याकडे कसला सल्ला मागतेस? आधी खात्री कर!

मी केली नव्हती. असाच ठराव होता, गटाबरोबर हात वर केला. पाडायच्या दिवशी एक म्हातारी छपरावरचे पत्रे उतरवत होती. मला म्हणाली, ‘भाऊ, हे टोक जरा धरा.’ मी धरलं. तिला माहीत नव्हतं, हात कुणाचा वर गेला होता ते.

गट फुटला असता तर पाण्याची योजना अडली असती, हेही तितकंच खरं. योजना झाली. तुमच्या आळीतला नळ त्यातलाच. हे मी स्वतःला वीस वर्षं सांगतोय, बाळा, आणि आज तुलाही सांगून बसलो.

तुला पाडतील कदाचित. क्रॉकेटलाही पाडलं. पण खात्री झाली असेल तर सभेला जा, विरोध नोंदव, आणि इतिवृत्तात तुझं नाव आलंय का ते वाचूनच सही कर.

शनिवारी ग्रामसेवकाकडून नोंदवही मागून ठेव. मी सकाळच्या एसटीने येतो, आपण दोघं वस्तीवर जाऊ.

तुझा,
काका