जुन्या शाळा, जुनी चर्चं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा नव्या इमारतीत गेली. जुन्या कौलारू शाळेत अभ्यासिका काढायची आहे. ग्रामसभेचा ठराव पुरेल का?

ठराव हवाच, पण तेवढ्याने काम भागत नाही. इमारत जिल्हा परिषदेची असेल तर वापराची लेखी परवानगी तिच्याकडूनच घ्यावी लागेल. त्याआधी ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीचा उतारा) आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. जागा कुणी ‘शाळेसाठी’ म्हणून दिली असेल तर बक्षीसपत्रातली अट वाचा. देणाऱ्याच्या नातवंडांना ती अट नेमकी रंगकाम आटोपल्यावर आठवते! इमारत निर्लेखनाच्या (म्हणजे मोडीत काढून पाडण्याच्या) प्रस्तावात गेली आहे का, तेही शिक्षण विभागात विचारा. गेली असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट, वर्गणी मग.

प्रश्न : आमच्याकडे (चोपडा तालुका) जुन्या शाळेच्या भिंती खालून ओलावतात, पापुद्रे सुटतात. ठेकेदार सिमेंटचा गिलावा सुचवतो. करावा का?

करू नका. दगड-विटांची चुन्यातली भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत सोडते. त्यावर सिमेंट चढवलं की पाण्याची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंट खपल्यांनी निघतं, सोबत विटेचा पृष्ठभागही घेऊन. ठेकेदाराची पावती मात्र शाबूत राहते.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बहुतेक गावांत रस्त्यावर काँक्रीटचे थर चढत गेले आणि जोतं रस्त्याच्या बरोबरीला आलं. भिंतीलगतची भर काढा, उतार बाहेरच्या बाजूला द्या, फुटकी कौलं आणि पन्हळी बदला. भिंत सुकली की चुन्याचाच गिलावा, वर सफेदी. प्लास्टिक पेंट नको. चुना मुरायला वेळ लागतो, तो ठेकेदाराच्या वेळापत्रकात आधीच लिहून घ्या.

भेगा असतील तर तापीकाठची काळी माती लक्षात ठेवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेवर प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहा. वर्षभरात पट्टी तडकली तर दुखणं इमारतीच्या पायात आहे, लिंपून उपयोग नाही.

प्रश्न : नवापूरकडे आमची मंडळी मोठ्या प्रार्थनागृहात गेली. मिशनच्या काळातलं छोटं चर्च बचत गटांना पाच वर्षांसाठी भाड्याने देता येईल?

मालमत्ता नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 चं कलम 36 लागू होतं. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. पाच वर्षं म्हणताय, म्हणजे अर्ज करावाच लागेल. कॅथलिक चर्च असतं तर बिशपांचा निर्णयही लागला असता. तुमच्याकडे मंडळीची बैठक घेऊन वेदी, घंटा, स्मृतिफलक कुठे जातील ते लेखी ठरवा. आवारात कबरी असतील तर त्यांना हात लावायचा नाही, भाडं कितीही येवो.

प्रश्न : भुसावळच्या उन्हात पत्र्याच्या सभागृहाला फॉल्स सीलिंग करावं?

वाळवी आणि गळती त्यामागे लपते, आणि कळतं तेव्हा छप्पर पेलणारी लाकडी कैची पोखरलेली असते. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग द्या, वरचे झरोके उघडे करा. उरलेल्या पैशातून दारात उतार करा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आजीबाई खुर्चीसकट आत येतील.