वाचकांचे प्रश्न : स्टील गिटार आणि ट्यूब प्रीअ‍ॅम्प

प्रश्न : माझ्याकडे आठ तारांची हवाईयन (स्टील) गिटार आहे. मुख्य अ‍ॅम्पच्या आधी जोडायचे, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे दोन प्रीअ‍ॅम्प वाजवून पाहिले. एक फेंडर पद्धतीचा, दोन १२एएक्स७ ट्यूब आणि बास-मिड-ट्रेबल नॉबवाला. दुसरा साधा, एकाच १२एयू७ ट्यूबचा बफर, म्हणजे आवाज फारसा न बदलता सिग्नल पुढे देणारा. पहिल्याचा आवाज भरदार वाटतो, पण गाण्याची ओळ वाजवली की पोकळ होतो. दोन्हींची नीट तुलना कशी करावी?
– एक वाचक, दादर

उत्तर : आधी आवाजाची पातळी समान करा. एक डेसिबल मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. अ‍ॅम्प आणि स्पीकर तेच ठेवा. गिटारवरची वीस-तीस सेकंदांची एक ओळ थेट रेकॉर्ड करून घ्या. खालच्या तारेचा एक लांब स्वर, मधल्या तारांवरची मींड आणि वरचा एक जोरकस ठोका त्यात हवाच. हीच ओळ दोन्ही प्रीअ‍ॅम्पमधून वाजवा. मोबाइलचं ध्वनिमापक अ‍ॅप स्पीकरपासून एक मीटरवर, जागा न हलवता ठेवा आणि दोन्ही आकडे अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. नुसत्या ४०० हर्ट्झच्या सुरावर जुळवलंत तर चूक होईल, कारण फेंडरचं टोन सर्किट (बास-मिड-ट्रेबलचं) नेमका तोच भाग दाबतं.

पोकळपणाचं कारणही हेच आहे. तिन्ही नॉब ५ वर असले की ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा पडतो, आणि हवाईयनवर गाण्याची ओळ मधल्या तारांवर बहुतेक त्याच पट्ट्यात फिरते. मिड १० वर आणि बास-ट्रेबल २ च्या आसपास ठेवा. खड्डा जवळपास भरून निघतो. या सेटिंगला आवाज बराच उतरतो, म्हणून पातळी पुन्हा जुळवायला विसरू नका. एवढं केल्यावर दोन्ही प्रीअ‍ॅम्प पुष्कळच जवळ येतात. ‘ट्यूबचा फरक’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला मोठा वाटा टोन सर्किटचा असतो.

आता रेकॉर्डिंग बाजूला ठेवा आणि गिटार थेट जोडा. पिकअप आणि प्रीअ‍ॅम्प एकमेकांवर काय परिणाम करतात हे रेकॉर्डिंगमधून कळत नाही, आणि खरा घोळ पायाने आवाज कमी-जास्त करायच्या व्हॉल्यूम पेडलपाशी असतो. साध्या पेडलमध्ये ५०० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रोध) असतो. पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर आला की प्रीअ‍ॅम्पला समोर सुमारे १२५ किलोओहम दिसतात. तीन मीटर केबलची धारिता (कॅपॅसिटन्स) साधारण ३०० पिकोफॅरड, वर १२एएक्स७ च्या पहिल्या पायरीची (सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याची) शंभरेक. हिशेब केला तर ३ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गळायला लागतो. पाय मागे घेतला की स्वराची चमक जाते ती यामुळे. पेडलनंतरची केबल एक मीटरची करा. हीच मर्यादा ६ किलोहर्ट्झच्या पुढे जाते. पैसे खर्च करायच्या आधी हा उपाय करून पाहाच.

तुमच्या बफरची खरी जागा पेडलच्या आधी, म्हणजे गिटार, बफर, पेडल, मग फेंडर पद्धतीचा प्रीअ‍ॅम्प. बफरमुळे पिकअपवरचा केबलचा आणि पेडलचा भार निघून जातो. पेडल आणि प्रीअ‍ॅम्प यांमधली केबल मात्र तरीही आखूडच ठेवा. म्हणजे यांच्यातला एकच निवडायची गरज नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

प्रश्न : १२एएक्स७ काढून त्या जागी १२एयू७ लावली तर आवाज जास्त स्वच्छ होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ट्यूबच्या पिना त्याच, फिलामेंटही (ट्यूब तापवणारी तार) ६.३ व्होल्टला ३०० मिलिअँपचंच, त्यामुळे जळण्याची भीती नाही. पण १२एएक्स७ चा वर्धन गुणांक १००, तर १२एयू७ चा २० च्या आत. आवाज धाडकन पडतो, मग व्हॉल्यूम वाढवावा लागतो आणि पुढच्या पायरीची खरखर वर येते. शिवाय ट्यूबच्या प्लेटला १०० किलोओहम आणि कॅथोडला १.५ किलोओहम ही रेझिस्टरची मूल्यं १२एएक्स७ साठी असतात. १२एयू७ जास्त करंट ओढते आणि प्लेटचं व्होल्टेज खाली बसतं. मधला मार्ग १२एटी७ (गुणांक ६०) किंवा १२एवाय७ (सुमारे ४४).

ठोक्याला आवाज फाटत असेल तर ट्यूब बदलण्याआधी एक गोष्ट तपासा. पहिल्या पायरीचा बायस (ट्यूबच्या ग्रिडला कॅथोडपेक्षा खाली ठेवणारं स्थिर व्होल्टेज) साधारण सव्वा ते दीड व्होल्ट असतो. जोरात नखी मारल्यावर पिकअपचं शिखर त्याच्याजवळ गेलं की ग्रिडमधून करंट वाहू लागतो आणि आवाज फाटतो. पिकअप तारांपासून एक-दोन मिलिमीटर खाली घ्या. बऱ्याचदा एवढं पुरतं.

प्रश्न : अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा प्रीअ‍ॅम्प मुंबईत गुणगुणतो. पावसाळ्यात कडकड आवाजही येतो.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सुटे मिळणारे बरेच स्टेपडाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, ते मेन्सपासून (घरातल्या वीजपुरवठ्यापासून) अलग करत नाहीत आणि काहींत अर्थची पिनच पुढे जोडलेली नसते. मल्टिमीटरने अर्थची सलगता तपासा. ट्रान्सफॉर्मर प्रीअ‍ॅम्पच्या वॅटच्या निदान दुप्पट व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) घ्या आणि फिलामेंटला ५.७ ते ६.९ व्होल्ट मिळतात का पाहा.

पेडल पूर्ण बंद केल्यावर गुणगुण थांबली तर ती पिकअपची; गिटारची दिशा बदला, ट्रान्सफॉर्मर लांब न्या. थांबली नाही आणि सूर ५० हर्ट्झचा असेल तर अर्थ किंवा फिलामेंट. १०० चा असेल तर फिल्टर कॅपॅसिटर थकलेत.

कडकड बहुधा दमट हवेने गंजलेल्या ट्यूबच्या सॉकेटची. प्लग काढा, कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा आणि व्होल्टेज शून्याजवळ आलंय हे मोजूनच हात घाला. आत २५०-३०० व्होल्ट असतात. मग ट्यूबचं सॉकेट काँटॅक्ट क्लीनरने पुसा. पॉट साफ करूनही खरखरला तर त्याच्या आधीचा कपलिंग कॅपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) बहुधा डीसी गळवतोय. तसं असेल तर तो बदलल्याशिवाय खरखर जाणार नाही.